आगीला लागलेला उशीर

चंद्रमोहिमेच्या इतिहासात एफ-१ इंजिनाची ओळख नेहमी त्याच्या ताकदीने करून दिली जाते. एका इंजिनाचा जोर सुमारे ६८० टन. सेकंदाला अडीच टनांहून अधिक द्रव त्याच्या ज्वलनकक्षात ओतला जाई, आणि तो ओतणाऱ्या टर्बोपंपाची शक्ती सुमारे ५५,००० अश्वशक्ती होती. अशी पाच इंजिने सॅटर्न-५ अग्निबाणाच्या तळाशी बसवलेली असत. आकडे खरे आहेत, पण त्यांच्या झगमगाटात या इंजिनाची मूळ अडचण झाकली जाते. एफ-१ ने अभियंत्यांची झोप उडवली ती काही मिलिसेकंदांच्या एका अवधीने. द्रव प्रणोदकाचा थेंब ज्वलनकक्षात शिरतो आणि जळून वायू होतो, यांच्या मध्ये जो थोडासा उशीर असतो, तो हा अवधी. माझे म्हणणे असे की १९४१ ते १९६५ या पंचवीस वर्षांतला द्रवइंधन अग्निबाणांचा इतिहास हा मुख्यतः या उशिराशी झालेल्या झगड्याचा इतिहास आहे. आणि हा झगडा जिंकला गेला तो उशीर नाहीसा करून नव्हे. चालत्या इंजिनाला मुद्दाम बिघडवायचे आणि ते किती लवकर सावरते हे घड्याळ लावून मोजायचे, असे अभियंत्यांनी ठरवले, तेव्हा तो जिंकला गेला.

द्रव हा द्रव म्हणून जळत नाही, इथून सुरुवात करावी लागते. रॉकेलचा वातीविना चालणारा स्टोव्ह ज्यांनी पेटवला आहे त्यांना हे ठाऊक आहे: आधी बर्नर तापवायचा, मग पंप मारायचा. घाई केली तर वाफेऐवजी रॉकेलच वर उसळते, थोडा वेळ काहीच होत नाही, आणि मग एकदम भडका उडतो. एफ-१ मध्ये जळत होते तेही शुद्ध केलेले रॉकेलच, आरपी-१ नावाचे. त्याच्या जोडीला उणे १८३ अंश सेल्सिअसला उकळणारा द्रव ऑक्सिजन. कक्षाच्या डोक्यावर इंजेक्टर नावाची भोकांची जाड तबकडी असते. त्या भोकांतून धारा सुटतात, एकमेकींवर आदळून पंख्यासारख्या पसरतात, पसरलेला पापुद्रा फाटून थेंब होतात, थेंबांची वाफ होते, दोन्ही वाफा मिसळतात आणि मग ज्वलन होते. यातल्या प्रत्येक पायरीला वेळ लागतो. इंजिन सुरू होताना हा वेळ लांबला, तर कक्षात न जळलेले मिश्रण साठते आणि ते एकदम पेटले की इंजिनच फुटते. इंजिन चालू असताना हाच उशीर दुसऱ्या प्रकारे नडतो. कक्षातला दाब क्षणभर वाढला की धारांचे फुटणे आणि थेंबांचे जळणे बदलते, त्या बदलाचा परिणाम थोड्या वेळाने उष्णता म्हणून प्रकटतो, आणि तो नेमका पुढच्या दाबाच्या लाटेवर येऊन पडला तर लाट आणखी मोठी होते. दाब चढलेला असतानाच उष्णता मिळाली तर कंपन पोसले जाते, हे लॉर्ड रॅले यांनी १८७८ मध्येच सांगून ठेवले होते. त्यांच्यासमोर नळीतल्या हवेचे नाद होते. पण तोच नियम पुढे हजारो अश्वशक्तीच्या कक्षांना लागू पडला.

सुरुवातीच्या काळात कक्ष लहान होते, त्यामुळे हा उशीर निभावून गेला. रॉबर्ट गॉडर्ड यांनी १६ मार्च १९२६ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या ऑबर्न येथे पेट्रोल आणि द्रव ऑक्सिजनवर उडवलेला बाण काही सेकंदच हवेत होता. जर्मनीत वाल्टर थील यांनी व्ही-२ साठी २५ टन जोराचे इंजिन केले. त्यांनी एका मोठ्या कक्षाच्या माथ्यावर १८ स्वतंत्र पेले बसवले आणि प्रत्येक पेल्यात अल्कोहोल व ऑक्सिजन वेगळे फवारले. मोठी आग आटोक्यात ठेवता येत नाही म्हणून तिचे अठरा तुकडे केले, एवढाच त्याचा अर्थ. युद्धाच्या घाईत ती तोड चालून गेली, पण तिच्या मागचा प्रश्न तसाच राहिला.

तो प्रश्न पहिल्यांदा स्वच्छ दिसला पॅसाडेनामध्ये. अवजड विमानांना धावपट्टीवरून उचलायला मदत करणारी इंजिने अमेरिकी लष्कराला हवी होती. थिओडोर फॉन कार्मान यांच्या छत्राखाली फ्रँक मॅलिना, मार्टिन समरफील्ड आणि त्यांचे सहकारी कॅल्टेकमध्ये त्यावर काम करत होते. द्रव ऑक्सिजन साठवून ठेवता येत नाही, म्हणून त्यांनी लाल धूर सोडणारे नायट्रिक आम्ल घेतले आणि जोडीला पेट्रोल. १९४१ मध्ये या जोडीने त्यांना हैराण केले. कधी पेट उशिरा घेतला जाई आणि धमाका होई. कधी पेट नीट लागे, पण काही वेळाने इंजिन धडधडू लागे आणि ती धडधड वाढत वाढत इंजिन मोडी. फेब्रुवारी १९४२ मध्ये मॅलिना अ‍ॅनापोलिसला नौदलाच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे रे स्टिफ या रसायनतज्ज्ञाने त्यांना सांगितले की अ‍ॅनिलीन आणि नायट्रिक आम्ल एकत्र येताच आपोआप पेटतात. मॅलिनांनी परतीच्या वाटेवरूनच पॅसाडेनाला तार केली: पेट्रोल काढा, अ‍ॅनिलीन घाला. १५ एप्रिल १९४२ रोजी म्युरॉकच्या कोरड्या तलावावर ए-२० विमान या इंजिनांच्या मदतीने उडाले. या प्रसंगात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी: अ‍ॅनिलीनने दोन वेगळे वाटणारे रोग एकाच वेळी बरे केले. पेटण्यातला धमाकाही गेला आणि चालताना होणारी धडधडही गेली. एका औषधाने दोन्ही बरे झाले, तेव्हा दोन्हींचे मूळ एक असणार, आणि ते मूळ म्हणजे उशीर.

मग सगळीकडे आपोआप पेटणारी जोडीच का वापरली नाही? पुढे सोव्हिएत महासंघात चंद्रबाणाच्या इंधनावरून नेमका हाच वाद झाला. इंजिने घडवणारे ग्लुश्को यांना अशी जोडी हवी होती, बाणाचे मुख्य रचनाकार कोरोल्योव्ह यांना ती नको होती. विरोधाला कारण होते. २४ ऑक्टोबर १९६० रोजी बैकोनूरच्या तळावर आर-१६ क्षेपणास्त्राच्या दुसऱ्या टप्प्याचे इंजिन अवेळी सुरू झाले, खालच्या टप्प्याच्या भरलेल्या टाक्या फुटल्या आणि मार्शल नेदेलिन यांच्यासह डझनावारी माणसे जळून मेली. स्पर्शाने पेटणारे द्रव गळतीनेही पेटतात, शिवाय ते विषारी असतात. सॅटर्न-५ च्या पहिल्या टप्प्यात दोन हजार टनांहून अधिक प्रणोदक भरायचे होते, माणसे वर बसणार होती, आणि तळापाशी शेकडो कामगार वावरणार होते. तिथे रॉकेल आणि ऑक्सिजनला पर्याय नव्हता. ही जोडी स्पर्शाने पेटत नाही, म्हणजे उशीर पुन्हा दारात आला.

पेट घेण्यापुरता तो उशीर अभियंत्यांनी रसायनानेच सोडवला, पण चमचाभर वापरून. एफ-१ मध्ये ट्रायएथिल बोरेन आणि ट्रायएथिल अ‍ॅल्युमिनियम यांचे मिश्रण भरलेले एक काडतूस असे. आधी द्रव ऑक्सिजन कक्षात वाहू लागे. टर्बाइन फिरू लागून रॉकेलचा दाब चढला की काडतुसाचे पडदे फुटत, मिश्रण आत शिरून ऑक्सिजनला भिडताच पेटे, आणि त्या ज्वाळेत मागाहून रॉकेलचा लोट येऊन मिळे. द्रव साठायला सवडच नव्हती. ही पद्धत इतकी भरवशाची ठरली की आजच्या फाल्कन-९ अग्निबाणाची इंजिनेही याच दोन संयुगांनी पेटतात. सुरुवातीला दिसणारी हिरवी झाक बोरॉनची असते. पण पेट घेतल्यावर काय? तिथे काडतूस उपयोगी नव्हते.

त्या दुसऱ्या उशिरावर दरम्यान बरेच गणित झाले होते. समरफील्ड यांनी पॅसाडेनातला अनुभव १९५१ मध्ये सिद्धान्ताच्या रूपात मांडला. इटलीहून प्रिन्स्टनला आलेले लुइजी क्रोको यांनी तो पुढे नेला, आणि १९५६ मध्ये सिन-आय चेंग यांच्यासह त्यावर ग्रंथ लिहिला. क्रोकोंचे म्हणणे थोडक्यात असे: प्रत्येक इंजिनाच्या ज्वलनाला एक उशीर असतो, आणि तो उशीर दाबाप्रमाणे कमी-जास्त होतो. उशीर किती आणि तो दाबाला किती संवेदनशील, हे दोन आकडे कळले तर ते इंजिन कोणत्या कंपनाला बळी पडेल हे सांगता येते. अडचण ही की हे दोन आकडे इंजेक्टरच्या आराखड्यावरून काढण्याची रीत कुणालाच माहीत नव्हती. सिद्धान्त आजार ओळखत होता, पण औषध लिहून देऊ शकत नव्हता.

जानेवारी १९५९ मध्ये नासाने रॉकेटडाइन कंपनीला एफ-१ चे कंत्राट दिले, तेव्हा त्या कंपनीची चालू इंजिने सुमारे ७० टन जोराची होती. उडी जवळजवळ दहापट होती. ज्वलनकक्षाचा व्यास मीटरभर झाला, आणि त्या रुंदीत आडव्या दिशेने धावणाऱ्या, कडेकडेने गोल फिरणाऱ्या दाबाच्या लाटांना मोकळे रान मिळाले. अशी लाट सेकंदाला काही शे फेऱ्या मारते. जिथून जाते तिथला थंड वायूचा पातळ संरक्षक थर खरवडून काढते, आणि तीन हजार अंशांच्या वरची ज्वाळा धातूला थेट भिडते. इंजेक्टर वितळायला मग एका सेकंदाचा थोडा भागही पुरतो. २८ जून १९६२ रोजी एडवर्ड्स तळावरच्या चाचणीत ज्वलन-अस्थैर्याने एक एफ-१ इंजिन नष्ट झाले. एडवर्ड्स म्हणजे पूर्वीचे म्युरॉक. वीस वर्षांपूर्वी अ‍ॅनिलीनचा विजय झाला ते हेच वाळवंट. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी चंद्राचे ध्येय जाहीर करून तेव्हा वर्षच उलटले होते. ज्या इंजिनावर सगळे बेतले होते, ते कधी फुटेल याची हमी कुणी देऊ शकत नव्हते.

ऑक्टोबर १९६२ मध्ये 'प्रोजेक्ट फर्स्ट' सुरू झाला. नासाच्या हंट्सविल येथील मार्शल केंद्रातून जेरी थॉमसन आणि रॉकेटडाइनकडून पॉल कॅस्टनहोल्झ व डॅन क्लूट यांनी त्याची धुरा घेतली. त्यांच्यापुढची पहिली अडचण पुराव्याची होती. अस्थैर्य लहरी असते. तोच इंजेक्टर दहा वेळा शांत चालतो आणि अकराव्या वेळी फुटतो. मग दहा शांत चाचण्यांनी काय सिद्ध झाले? काहीच नाही. आराखड्यात केलेल्या बदलाने फरक पडला की नशिबाने, हे ओळखायचे कसे? इथे त्यांनी ज्वलनकक्षात एक लहान स्फोटक ठेवायला सुरुवात केली. इंजिन पूर्ण जोराने चालू असताना ते फुटे, कक्षात दाबाची जबर लाट उठे, आणि मग मोजणी सुरू होई: लाट विरते की वाढते, आणि विरते तर किती मिलिसेकंदांत? पूर्वी प्रत्येक चाचणीचे उत्तर 'फुटले' किंवा 'फुटले नाही' एवढेच असे. आता प्रत्येक चाचणीतून एक आकडा हाती येऊ लागला. दोन इंजेक्टरांची तुलना करता येऊ लागली. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला निर्णायक क्षण हाच आहे. कोणत्याही एका भोकाच्या किंवा भिंतीच्या शोधापेक्षा तो मोठा आहे, कारण भिंतीचे बरेवाईट ठरवायला आधी हा मापदंड लागत होता.

त्या मापदंडावर मग एकेक आराखडा घासून पाहिला गेला. इंजेक्टरच्या तोंडावर उभ्या भिंती उभारण्याची कल्पना नवी नव्हती, पण किती भिंती, किती उंच, कशा मांडायच्या, हे चाचण्यांनी ठरवले. शेवटी तबकडीचे १३ कप्पे झाले आणि त्या भिंतींना आतून इंधन खेळवूनच थंड ठेवले गेले. गोल फिरणाऱ्या लाटेला, ज्वलन सर्वांत संवेदनशील असते नेमक्या त्याच पट्ट्यात, वाट बंद झाली. दुसरा बदल त्याहून बोलका आहे. धारा ज्या भोकांतून सुटतात ती इंधनाची भोके मोठी केली आणि इंधनाचा वेग कमी केला. म्हणजे थेंब जाड झाले, जळायला उशीर वाढला, आणि इंजिनाची कार्यक्षमता थोडी घसरली. पॅसाडेनात उशीर कमी करून रोग गेला होता. इथे उशीर वाढू दिला आणि इंजिन शांत झाले. यात विसंगती नाही. प्रश्न उशीर लांब की आखूड असा नव्हताच, तो लाटेच्या तालाशी जुळतो की नाही असा होता. एफ-१ च्या अभियंत्यांनी त्याला बेताल केले, आणि त्यासाठी थोड्या कार्यक्षमतेवर पाणी सोडले. अखेरच्या इंजेक्टरात स्फोटकाने उठवलेली लाट सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षा कमी वेळात आपोआप विरू लागली. जानेवारी १९६५ मध्ये हा इंजेक्टर उड्डाणयोग्य ठरला. ऑक्टोबर १९६२ ते सप्टेंबर १९६६ या काळात पूर्ण आकाराच्या सुमारे २,००० चाचण्या या एका प्रश्नावर खर्च झाल्या होत्या.

याला पहिला आक्षेप असा घेतला जातो की हे शास्त्र नव्हे, हे तर चाचपडणे झाले. दोन हजार वेळा इंजिन पेटवले तर काहीतरी चालणारच. या आक्षेपात तथ्याचा अंश आहे: इंजेक्टरचा अंतिम आराखडा कोणत्याही समीकरणातून उतरला नाही, आणि असे इंजिन केवळ कागदावर स्थिर ठरवणे आजही अवघड आहे. पण चाचपडणाऱ्याला आपण कशाच्या जवळ आलो हे कळत नसते. इथे ते कळत होते. लाट आडवी फिरते, इंजेक्टरजवळ पोसली जाते, आणि छोट्या धक्क्याला दाद न देणारे इंजिन मोठ्या धक्क्याने बिघडू शकते, या तिन्ही गोष्टी त्यांना ठाऊक होत्या आणि त्या सिद्धान्ताच्या परंपरेतून आल्या होत्या. तिसरी गोष्ट ठाऊक नसती तर चालत्या इंजिनात स्फोटक ठेवण्याचे कुणाला सुचलेच नसते. सिद्धान्ताने उत्तर दिले नाही हे खरे, पण कोणता प्रश्न विचारायचा हे त्यानेच शिकवले. प्रयोग आणि सिद्धान्त यांचे श्रेय वेगवेगळ्या वहीत मांडण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, ती या प्रकरणात तरी सोडावी लागते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सोव्हिएत अभियंत्यांनी हा डोंगर चढलाच नाही, तो वळसा घालून टाळला. १९५७ मध्ये स्पुटनिक नेणाऱ्या आर-७ बाणाच्या आरडी-१०७ इंजिनात एकाच टर्बोपंपावर चार लहान कक्ष बसवले होते, कारण एका मोठ्या कक्षात ज्वलन सांभाळणे जमत नव्हते. त्याच घराण्याचा सोयूझ बाण आजही उडतो, आणि त्याची इंजिने आजही लाकडी काठ्यांवर बांधलेल्या पेटत्या दारूने पेटवली जातात. पुढे १९८० च्या दशकात आरडी-१७० ने चार कक्षांतून सुमारे ७४० टन जोर काढला, एफ-१ पेक्षा जास्त. तर मग एकाच कक्षाचा हट्ट आणि त्यापायी दोन हजार चाचण्या, हा पैशाचा माज नव्हता का? मला तसे वाटत नाही, आणि कारण वेळापत्रकात आहे. आरडी-१७० च्या घराण्याचे पहिले उड्डाण १९८५ मधले. १९६० च्या दशकात तसे इंजिन कुणाच्याही हाती नव्हते. शिवाय कक्षाचे चार तुकडे केल्याने लाटांना जागा कमी मिळते, पण प्रत्येक तुकड्याला स्थैर्याची परीक्षा द्यावीच लागते. वळशाची वाट शहाणपणाची होती, यात वाद नाही. थीलच्या अठरा पेल्यांची ती थोर वारसदार आहे. मात्र अस्थैर्य मोजायचे कसे हे ज्ञान त्या वाटेवर आपोआप मिळत नव्हते. 'प्रोजेक्ट फर्स्ट'च्या अनुभवासह हे सारे ज्ञान डेव्हिड हार्जी आणि फ्रेडरिक रिअर्डन यांनी संपादित केलेल्या, नासाने १९७२ मध्ये छापलेल्या जाडजूड ग्रंथात सर्वांसाठी खुले झाले.

४ एप्रिल १९६८ रोजी अपोलो-६ च्या उड्डाणात सॅटर्न-५ जोरजोराने मागेपुढे हिंदकळला, याकडे बोट दाखवून एफ-१ चे स्थैर्य अपुरे होते असेही कधी म्हटले जाते. ते हिंदकळणे वेगळ्या जातीचे होते. त्यात बाणाचा सांगाडा, नळ्यांतला द्रव आणि इंजिनाचा जोर यांचे संथ कंपन एकमेकांत गुंतले होते, आणि ऑक्सिजनच्या वाटेत हेलियमची उशी देऊन ते आवरले गेले. ज्वलनकक्षातली आग तेव्हाही शांतच होती. सॅटर्न-५ ची १३ उड्डाणे झाली, त्यांत ६५ एफ-१ इंजिने उडाली, आणि उड्डाणात एकही निकामी झाले नाही.

हा प्रश्न तिथे संपला असे मात्र नाही, आणि त्याची पुढची कडी आपल्या देशाशी जोडलेली आहे. २३ मे १९८० रोजी युरोपच्या एरियान बाणाचे दुसरे उड्डाण पहिल्या टप्प्याच्या एका व्हायकिंग इंजिनातल्या ज्वलन-अस्थैर्याने फसले आणि बाण अटलांटिकमध्ये कोसळला. व्हायकिंगचे द्रव स्पर्शाने पेटणारे होते. म्हणजे पेट घेण्याचा प्रश्न सुटलेला असूनही चालत्या ज्वलनाचा प्रश्न शिल्लक राहू शकतो, याचा हा धडधडीत पुरावा. इंजेक्टर दुरुस्त केले गेले आणि पुढे इंधनही बदलले: निव्वळ यूडीएमएचऐवजी त्यात २५ टक्के हायड्राझिन हायड्रेट मिसळलेले यूएच-२५ आले. त्या फसलेल्या उड्डाणाच्या पुढचेच, १९ जून १९८१ चे उड्डाण भारताचा अ‍ॅपल उपग्रह घेऊन गेले. आणि १९७४ च्या करारानुसार याच व्हायकिंगचे तंत्र शिकायला नंबी नारायणन यांच्या नेतृत्वाखाली इस्रोचे अभियंते फ्रान्समधल्या व्हर्नोंला गेले होते. त्यातून आपले विकास इंजिन घडले. पीएसएलव्हीचा दुसरा टप्पा त्यावर चालतो. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ नेणाऱ्या बाणाच्या मधल्या टप्प्यातली दोन विकास इंजिने जमिनीपासून कितीतरी उंच, हवेतच पेटली. ही इंजिने मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार होतात आणि त्यांची परीक्षा तमिळनाडूत महेंद्रगिरीला होते.

आपल्याकडे अवकाशाचा इतिहास लिहिताना उड्डाणांच्या तारखा काळजीपूर्वक नोंदल्या जातात आणि चाचणीमंचावरची वर्षे एका वाक्यात गुंडाळली जातात. एफ-१ ची गोष्ट आज सांगता येते ती त्या माणसांनी फुटलेल्या इंजिनांचीही नोंद ठेवली आणि ती छापली म्हणून. महेंद्रगिरीला आणि विक्रोळीला ज्यांनी इंजेक्टर घडवले, तपासले, नाकारले, त्यांतले बरेच जण आज निवृत्त झाले आहेत. त्यांनी आपल्या चाचण्यांचा इतिहास मराठीत लिहावा, आणि मराठी नियतकालिकांनी त्याला भरपूर पाने द्यावीत.